ब्रुअरी बदलली की बिअर का बदलते? – हूखार्डन गावाची गोष्ट

(व्याख्यानमालेतील भाषणाचं शब्दांकन. बोलण्याची ढब शक्य तिथे तशीच ठेवली आहे. शेवटी श्रोत्यांचे दोन प्रश्नही घेतले आहेत.)

संयोजकांनी जेव्हा मला विषय विचारला आणि मी "बिअर" म्हणालो, तेव्हा फोनवर जरा शांतता पसरली. मग ते म्हणाले, "इतिहासाचं व्याख्यान आहे ना, सर?" म्हटलं, हो, इतिहासाचंच आहे. आज इथे कोणी पीत असो वा नसो, काही बिघडत नाही. आपण जी गोष्ट बघणार आहोत ती चवीची आहे. चव कोणाच्या मालकीची असते, हा आजचा खरा प्रश्न.

सुरुवात आपल्या स्वयंपाकघरातून करू. घर बदललं की पहिले काही दिवस दही नीट लागत नाही, हा अनुभव इथल्या पुष्कळ जणांना असेल. विरजण जुन्या घरातलंच आणलेलं असतं, लावणारा हातही तोच. पण दूध वेगळं, ओट्यावरची ऊब वेगळी, कधी भांडं वेगळं. दही लागतं, वाईटही नसतं, फक्त "आपलं" नसतं. आणि दोन-तीन महिन्यांनी बघा, एक तर दही बदललेलं असतं, नाहीतर आपली जीभ. नक्की काय बदललं, हे सांगता येत नाही.

बिअरच्या बाबतीत हेच घडतं, फक्त तिथे घर बदलायचा निर्णय संचालक मंडळ घेतं. एखादी लहान ब्रुअरी असते, तिची बिअर लोकांना आवडते, मोठी कंपनी ती विकत घेते आणि काही वर्षांनी सांगते की ही बिअर आता आमच्या दुसऱ्या कारखान्यात तयार होईल. पाककृती तीच, यीस्ट तेच, लेबल तेच. आणि पिणारे म्हणतात, "पूर्वीसारखी राहिली नाही." हे म्हणणं खरं असतं का? असेल तर का? आज आपण एकाच बिअरच्या मागे जाणार आहोत. कारण एवढ्या वेळा, एवढ्या वेगवेगळ्या प्रकारे जागा बदललेली दुसरी बिअर सापडणं अवघड आहे.

बेल्जियममध्ये ब्रसेल्सच्या पूर्वेला साधारण चाळीसेक किलोमीटरवर हूखार्डन नावाचं एक गाव आहे. आपल्याकडे बारमध्ये लोक 'होगार्डन' म्हणतात. तिथले डच बोलणारे लोक सुरुवातीचा 'ह' म्हणतात आणि मधला 'ग' घशातून काढतात, तो 'ख'सारखा ऐकू येतो. आपण हूखार्डन म्हणू. आजूबाजूला गव्हाची, बीटाची शेती. गाव तसं लहान, पण बिअरची परंपरा मोठी. पंधराव्या शतकापासून इथे बिअर तयार होत असल्याच्या नोंदी मिळतात आणि अठराव्या शतकात या एवढ्याशा गावात तीसहून जास्त ब्रुअऱ्या होत्या.

आता इतिहासाचा विद्यार्थी विचारेल, याच गावात एवढ्या का? पाणी गोड होतं म्हणून? तर नाही. कारण होतं कर. सगळा आजूबाजूचा प्रदेश ब्राबांटच्या ड्यूकच्या ताब्यात, आणि हे गाव मात्र लिएजच्या बिशपच्या राज्यात. म्हणजे दुसऱ्याच्या मुलखात अडकलेलं एक बेट. कर कमी, म्हणून बिअर स्वस्त, म्हणून खप जास्त. पुढे फ्रेंच राज्यक्रांतीनंतर फ्रेंचांनी हा सगळा प्रदेश घेतला, जुन्या सीमा पुसल्या आणि गावाची ती सवलत गेली. तेव्हापासून उतरती कळा लागली. लिएज हे नाव लक्षात ठेवा, ते परत येणार आहे.

इथली बिअर गव्हाची. निम्मा-अर्धा कच्चा गहू, बाकी मोड आणून वाळवलेला जव, म्हणजे माल्ट. कधी थोडे ओट्स. रंगाला फिकट, दुधाळ, गढूळ. म्हणून तिला 'पांढरी बिअर' म्हणत, 'विट'. जुन्या पद्धतीची ही बिअर आंबटसर होती. ताजी प्यायची, उन्हाळ्यात शेतात काम करून आल्यावर प्यायची, आणि फार दिवस ठेवायची नाही. जर्मन-चेक वळणाची स्वच्छ, सोनेरी, थंडगार लागर आली आणि या गावठी बिअरचे दिवस भरले. एकेक ब्रुअरी बंद पडत गेली. शेवटची टोमसिन यांची. तीही १९५७ मध्ये बंद झाली. झालं. पांढरी बिअर गावातून संपली.

आता आपल्या गोष्टीतला माणूस येतो. पिएर सेलिस. जन्म १९२५. टोमसिन ब्रुअरीच्या शेजारीच यांचं घर. लहानपणी शेजारच्या कारखान्यात लुडबुड करायची, हाताखाली कामं करायची. मोठेपणी धंदा दुधाचा. दूधवाला माणूस! असं सांगतात की गावातले म्हातारे एकत्र बसले की हळहळायचे, आपली ती पांढरी बिअर आता प्यायला मिळत नाही. आणि सेलिस यांनी मनावर घेतलं. १९६५-६६ च्या सुमाराला, चाळिशीत, त्यांनी घराच्या गवताच्या माळ्यावर ब्रुअरी मांडली. मार्सेल थॉमस नावाचे एक जुने जाणकार ब्रुअर मदतीला घेतले. गहू, जव, हॉप्स, धणे आणि कुरासाओ बेटावरच्या संत्र्याची वाळलेली साल.

धणे आपल्या ओळखीचे. त्या संत्र्याबद्दल मात्र एक मिनिट देतो, कारण ती आजच्या विषयाचीच गोष्ट आहे. कुरासाओ हे कॅरिबियन समुद्रातलं बेट. सोळाव्या शतकात स्पॅनिश लोकांनी तिथे आपल्याकडची गोड संत्री नेऊन लावली. बेट कोरडं, जमीन रुक्ष. संत्री अशी कडू झाली की खाता येईनात. पण सालीला मात्र विलक्षण सुगंध. पुढे बेट डचांकडे गेलं आणि ही साल त्यांच्या जहाजांतून उत्तरेला पोचली. म्हणजे जागा बदलल्यामुळे एक संत्रं 'बिघडलं', आणि त्या बिघडलेल्या संत्र्याच्या सालीतून एका बिअरला तिची ओळख मिळाली. जागा बदलणं म्हणजे नेहमीच नुकसान, असं आपण सुरुवातीलाच गृहीत धरायला नको, म्हणून हे सांगितलं.

आणखी एक गोष्ट इथेच स्पष्ट करतो. सेलिस यांची बिअर ही टोमसिनच्या बिअरची हुबेहूब नक्कल नव्हती. जुनी बिअर जास्त आंबट होती आणि टिकत नव्हती. सेलिस यांची निवडलेल्या यीस्टवर आंबवलेली, जास्त स्वच्छ, बाटलीत टिकणारी. आपण ज्याला 'मूळ हूखार्डन' म्हणतो ती स्वतःच एका मेलेल्या बिअरची आठवणीतून केलेली पुनर्निर्मिती आहे. म्हणजे मूळ चव कोणती, हा प्रश्न पहिल्याच पायरीवर अवघड होतो. पण एक फरक आहे. ती बदलली तेव्हा तिची परीक्षा कोण घेत होतं? जुनी बिअर प्यायलेले गावातलेच लोक. शेजारचा म्हातारा घोट घेऊन सांगणार, "पिएर, हे जमलंय," नाहीतर "हे नाही जमलं."

बिअर चालली. आधी गावात, मग विद्यार्थ्यांत, मग देशभर, मग हॉलंड आणि फ्रान्समध्ये. माळा पुरेना, तेव्हा सेलिस यांनी सरबत-सोड्याचा एक बंद कारखाना घेतला. म्हणजे इथेही ब्रुअरी बदललीच की! माळ्यावरून कारखान्यात. त्या बदलाबद्दल मात्र कोणी तक्रार केलेली ऐकिवात नाही. का? हे पुढे बघू.

आता जरा तांत्रिक बाजू. ब्रुअरी बदलली म्हणजे नक्की काय काय बदलतं?

पहिलं पाणी. बिअरमध्ये नव्वद टक्क्यांहून जास्त पाणीच असतं. इंग्लंडमधल्या बर्टनच्या विहिरींत जिप्सम भरपूर, म्हणून तिथली हॉप्सची कडसर बिअर खणखणीत लागते. चेक प्रदेशातल्या पिल्झनचं पाणी अगदी मृदू, म्हणून तिथली सोनेरी बिअर इतकी मऊ. जुन्या काळात पाणी म्हणजे नशीब होतं. आज तसं नाही. पाण्यातले क्षार काढता येतात, हवे तेवढे घालता येतात. त्यामुळे "पाणी बदललं म्हणून चव गेली" हे आपण सगळ्यात आधी म्हणतो, पण तेच दुरुस्त करणं सगळ्यात सोपं आहे.

दुसरं यीस्ट, म्हणजे त्यांचं विरजण. हा जिवंत प्राणी. एकच यीस्ट वेगळ्या टाकीत वेगळं वागतं. उथळ, उघड्या टाकीत ते मोकळं वाढतं, फळांसारखे वास जास्त सोडतं. मोठ्या कारखान्यात उंचच उंच, बंद, खाली निमुळत्या टाक्या असतात. तळाशी द्रवाचा दाब जास्त, विरघळलेला कार्बन डायऑक्साइड जास्त; अशा टाकीत यीस्ट ते वास कमी तयार करतं. लागरला हे फायद्याचं. गव्हाच्या बिअरला मात्र तेच वास हवे असतात. म्हणजे यीस्ट नेलं, पाककृती नेली, पण टाकीची उंची बदलली आणि बिअर बदलली.

तिसरा गहू. कच्चा गहू मोठ्या कारखान्याला तापदायक. चिकट होतो, गाळताना अडतो. आणि ती दुधाळ झाक कायम ठेवणं हे आणखी कठीण, कारण आधुनिक कारखान्याची सगळी यंत्रं बिअर स्वच्छ, नितळ करायला बनवलेली असतात. तिथे जाऊन तुम्ही सांगता, "आम्हाला गढूळ हवी, पण रोज सारखीच गढूळ हवी."

ही सगळी खरी कारणं आहेत. पण माझं म्हणणं असं की यातलं प्रत्येक कारण सुटू शकतं, जर एक गोष्ट शाबूत असेल तर. ती कोणती, हे सेलिस यांच्या पुढच्या आयुष्यातून दिसतं.

१९८५ च्या ऑक्टोबरात ब्रुअरीला आग लागली. विमा पुरेसा नव्हता. बेल्जियममध्ये ब्रुअर मंडळींनी अशा वेळी एकमेकांना मदत करायची पद्धत आहे, तशी मदत आली. सगळ्यात मोठी मदत देशातल्या सगळ्यात मोठ्या कंपनीकडून, स्टेला आर्टवा बनवणाऱ्यांकडून. हीच कंपनी दोनेक वर्षांत विलीनीकरण होऊन इंटरब्रू झाली. कर्ज मिळालं, ब्रुअरी पुन्हा उभी राहिली, त्याच गावात. पण कर्जाबरोबर सल्लेही आले. सेलिस यांचं पुढे कायम म्हणणं राहिलं की बिअर जास्तीत जास्त लोकांना चालेल अशी करा, असा दबाव त्यांच्यावर येत होता. त्यांनी काय केलं? भांडत बसले नाहीत. उरलेला हिस्साही कंपनीला विकला आणि गाव सोडलं.

इथे गंमत बघा. बिअर गावातच राहिली, माणूस गेला.

आणि माणूस कुठे गेला? अमेरिकेत, टेक्ससमधल्या ऑस्टिनला. वय सदुसष्ट! आपल्याकडे या वयात लोक काशीयात्रा करतात. यांनी १९९२ मध्ये तिथे नवी ब्रुअरी काढली. ऑस्टिन का? तिथलं पाणी चुनखडीच्या दगडातून येतं, ते गावाकडच्या पाण्याच्या जवळचं वाटलं, हे एक कारण नेहमी सांगितलं जातं. बेल्जियममधून तांब्याची जुनी भांडी नेली. गहू टेक्ससचा. धणे आणि कडू संत्र्याची साल तीच. बिअरचं नाव 'सेलिस व्हाइट', कारण 'हूखार्डन' हे नाव आता विकलं गेलं होतं. आपल्याच गावाचं नाव आपल्याच बिअरला लावता येत नाही, अशी अवस्था.

समुद्रापलीकडे, आठ हजार किलोमीटरवर, दुसरं हवामान, दुसरा गहू. आपल्या हिशेबाने चव साफ बदलायला हवी होती. आणि झालं उलटं. बिअरच्या जाणकारांमध्ये असं मत पसरलं की जुन्या हूखार्डनची चव हवी असेल तर आता ऑस्टिनला शोधा. अमेरिकेत त्या काळी ही बिअर कोणाला माहीतही नव्हती. पुढे तिथल्या कितीतरी ब्रुअऱ्यांनी गव्हाची पांढरी बिअर सुरू केली, त्यामागे या दूधवाल्याचा मोठा हात आहे.

मग धंदा वाढवायला भांडवल हवं, म्हणून १९९५ मध्ये मिलर ही मोठी कंपनी आत आली. पाच-सहा वर्षांत ब्रुअरी बंद. इमारत तीच होती, पाणी तेच होतं, भांडी तीच होती. फक्त शेवटचा शब्द सेलिस यांचा उरला नव्हता. नाव आणि सामान मिशिगनमधल्या वेबरविल इथल्या एका कंपनीने घेतलं. बिअर उत्तरेला गेली. २०१२ मध्ये तिचाही लिलाव झाला, नाव पुन्हा विकलं गेलं. सेलिस तोपर्यंत राहिले नव्हते, २०११ च्या एप्रिलमध्ये ते गेले, ८६ व्या वर्षी. शेवटी त्यांची मुलगी क्रिस्टीन हिने आडनाव परत मिळवलं आणि २०१७ मध्ये ऑस्टिनमध्येच त्या नावाची ब्रुअरी पुन्हा उघडली. आपलं आडनाव परत मिळवायला एवढी वर्षं!

तिकडे गावात काय चाललं होतं? २००४ मध्ये इंटरब्रूचं ब्राझीलच्या कंपनीशी विलीनीकरण होऊन इनबेव्ह तयार झाली. २००५ च्या नोव्हेंबरात इनबेव्हने जाहीर केलं की हूखार्डनची ब्रुअरी बंद करून ही बिअर झ्युपीच्या मोठ्या कारखान्यात नेणार. झ्युपी म्हणजे बेल्जियममधल्या सगळ्यात खपाच्या लागरचं, ज्युपिलरचं घर. आणि झ्युपी कुठे आहे? लिएज शहरात. ज्या लिएजच्या बिशपमुळे गावाला बिअर मिळाली, त्याच लिएजला ती परत निघाली!

गाव पेटलं. कामगार, गावकरी, बिअरप्रेमी रस्त्यावर आले, मोर्चे निघाले. यात भाषेचाही कोन होता, हूखार्डन डचभाषक, लिएज फ्रेंचभाषक. बेल्जियममध्ये हा प्रश्न किती नाजूक आहे हे आपण सीमाभागातले लोक चटकन समजू शकतो. पण मुळात प्रश्न नोकऱ्यांचा आणि नावाचा होता. बाटलीवर गावाचं नाव राहणार आणि गावात बिअर नसणार.

कंपनीकडे पाककृती होती, यीस्ट होतं, प्रयोगशाळा होती, जगातले उत्तम तंत्रज्ञ होते, पैसा तर होताच. अंतर? तासाभराच्या प्रवासाचं. आणि २००७ च्या सप्टेंबरात कंपनीने निर्णय फिरवला. ब्रुअरी गावातच राहणार, आणि तिच्यात ६ कोटी युरो गुंतवणार. एक कारण म्हणजे परदेशातली मागणी वाढली होती, क्षमता हवी होती. दुसरं कारण त्या वेळी सर्वत्र सांगितलं गेलं ते असं, की झ्युपीमध्ये ती चव बसत नव्हती.

आता ही दोन चित्रं शेजारी ठेवा. सेलिस समुद्र ओलांडून गेले, चव बरोबर गेली. कंपनी तासाभराच्या अंतरावर गेली, चव येईना. टाकी, गहू, पाणी यांनी काही भाग समजतो. पण मला वाटतं उरलेला भाग असा आहे: ऑस्टिनमध्ये एक माणूस असा होता की ज्याच्या जिभेवर ती बिअर होती, आणि "हे नाही जमलं, ओतून द्या" असं म्हणायचा अधिकारही त्याच्याकडेच होता. जीभ आणि अधिकार एकाच जागी. ते एकत्र असले की पाणी दुरुस्त होतं, टाकी बदलून घेता येते, गहू बदलून बघता येतो. ते वेगळे झाले की मग चाखणारा एका खोलीत आणि खर्चाचा हिशेब करणारा दुसऱ्या खोलीत बसतो. आणि कोणी बदमाश असायचीही गरज नसते. दर वर्षी थोडंसं, "एवढ्याने काही कळणार नाही" असं म्हणत, चव सरकत जाते. माळ्यावरून सोड्याच्या कारखान्यात जाताना लोकांनी तक्रार का केली नाही, त्याचंही उत्तर हेच.

आणि झ्युपीचं काय? कंपनीने निर्णय फिरवला, याचं श्रेय तिला द्यायला हवं. पण तो फिरवण्यामागे गावाचा आवाजही होता, असं मी म्हणेन. गावाकडे कागदोपत्री अधिकार काहीच नव्हता. तरी दोन वर्षं ते गप्प बसलं नाही.

प्रत्येक ठिकाणी असा शेवट होत नाही. इंग्लंडमधली न्यूकॅसल ब्राऊन एल बघा. १९२७ पासूनची बिअर, शहराचा अभिमान. कंपनीने युरोपीय संघाकडून २००० साली भौगोलिक संरक्षण मिळवलं, की या नावाची बिअर न्यूकॅसलमध्येच बनेल, दुसऱ्या कोणी नाव वापरू नये. २००५ मध्ये कंपनीने तिथली ब्रुअरी बंद केली आणि टाइन नदीच्या पलीकडे गेट्सहेडला उत्पादन नेलं. नदी ओलांडली की हद्द संपते! मग कंपनीनेच अर्ज करून आपलं संरक्षण रद्द करून घेतलं. स्वतः मागितलेला कायदा स्वतःच्याच आड आला. पुढे बिअर यॉर्कशायरला गेली, मग हॉलंडला. नाव अजून न्यूकॅसलच.

आणि कोरिया. २००८ पासून हूखार्डन तिथल्या ओबी या कंपनीत तयार होऊ लागली. कोरियन पिणाऱ्यांनी तिचं नावच बदलून टाकलं. 'ओबी' आणि 'होगार्डन' जोडून 'ओगार्डन'! हसून केलेली ही टीका आहे, पण कंपनीच्या कुठल्याही अहवालापेक्षा नेमकी.

उलट उदाहरणही द्यायला हवं, आणि ते आपल्या जवळचं आहे. एकोणिसाव्या शतकाच्या सुरुवातीला कलकत्ता, मुंबई, मद्रासच्या इंग्रजांसाठी जी फिकी बिअर जहाजातून यायची, तिच्यात पूर्व लंडनच्या हॉजसनचा दबदबा होता. १८२२ च्या सुमाराला ईस्ट इंडिया कंपनीच्या एका संचालकाच्या सांगण्यावरून बर्टनच्या ऑलसॉप यांनी तीच बिअर करून बघितली. पहिला नमुना चहाच्या किटलीत केला, अशी आख्यायिका आहे. बर्टनच्या जिप्समच्या पाण्यात ती बिअर लंडनपेक्षा सरस उतरली आणि काही वर्षांत बर्टनवाल्यांनी हिंदुस्थानचा बाजार जिंकला. म्हणजे बिअर जागा बदलून सुधारलीसुद्धा. पण निवाडा कोणी केला? पिणाऱ्यांनी. त्यांच्यापुढे दोन्ही बिअर होत्या, त्यांनी निवडली. हूखार्डनच्या पिणाऱ्याला अशी निवड मिळत नाही. जुनी काढून घेतात आणि त्याच लेबलखाली नवी देतात.

महाराष्ट्रातली पहिली मायक्रोब्रुअरी २००९ मध्ये पुण्यात सुरू झाली. आज पुण्या-मुंबईच्या बहुतेक मायक्रोब्रुअऱ्यांत 'बेल्जियन विट' नावाची बिअर असते, धणे आणि संत्र्याची साल घातलेली. ती पिणाऱ्यांतल्या फार थोड्यांना माहीत असतं की एका दूधवाल्याने माळ्यावर खटपट केली नसती तर हा प्रकार १९५७ मध्येच संपला होता. बाटली विकत घेत असाल तर एक करा. मागच्या बाजूला बारीक अक्षरात ती कुठे तयार झाली हे लिहिलेलं असतं, ते वाचा. समोरच्या मोठ्या अक्षरांत गावाचं नाव असतं. इतिहास मागच्या बारीक अक्षरांत असतो.

श्रोत्यांचे प्रश्न

प्रश्न: सर, हे मनाचे खेळ नसतील कशावरून? आम्हाला तर लहानपणीचं आईसक्रीमही जास्त चांगलं वाटतं.

उत्तर: अगदी रास्त शंका आहे. ब्रुअरीत यासाठी एक चाचणी असते. तीन पेले ठेवतात, दोघांत एक बिअर, तिसऱ्यात दुसरी. वेगळा पेला ओळखायचा. नुसत्या अंदाजाने तीनातून एकदा बरोबर येतं, त्यापेक्षा जास्त वेळा आलं तर फरक खरा. कंपन्या हे करतात. पण तिची मर्यादा बघा. ती आजच्या दोन बिअरमधला फरक सांगते. १९८४ चा पेला कोण आणणार? बिअर तेवढी टिकतच नाही. आणि दर वर्षी गेल्या वर्षीशी तुलना केली तर दर वर्षी "फरक नाही" असंच उत्तर येऊ शकतं, आणि वीस वर्षांत बिअर पार बदललेली असू शकते. म्हणून मी चवीची खात्री देत नाही. निर्णय कोणी घेतले, कशासाठी घेतले, ते मात्र तपासता येतं. इतिहासाचं काम तिथे सुरू होतं.

प्रश्न: मग उपाय काय? लहान ब्रुअरीने विकायचंच नाही का?

उत्तर: असं कसं म्हणू? आग लागली, कर्ज झालं, माणूस थकला, तर विकावंच लागतं. सेलिस यांना दोष देणारा मी कोण? पण नाव कोणाचं, याचा विचार आधी करता येतो. गोव्याच्या काजू फेणीला २००९ मध्ये भौगोलिक मानांकन मिळालं. ते एका कंपनीचं नाही, प्रदेशाचं आहे. उद्या कोणी मोठ्या कारखानदाराने फेणी दुसऱ्या राज्यात करायची ठरवली तर त्याला ते नाव लावता येणार नाही, आणि न्यूकॅसलसारखं एकट्याच्या सोयीसाठी ते रद्द करून घेणंही सोपं नाही. चवीची हमी त्याने मिळत नाही, हेही सांगतो. पण "हे नाही जमलं" असं म्हणणारी माणसं आणि ते नाव एकाच जागी राहतं. हूखार्डनच्या लोकांना तेवढ्यासाठी दोन वर्षं रस्त्यावर यावं लागलं होतं.